होळकरांची खासगी

मल्हारराव होळकरांनी आपल्या बायकोसाठी वेगळे उत्पन्न मागून घेतले, तेव्हा त्यांच्या डोक्यात देवळे, घाट किंवा काशीयात्रा असतील असे वाटत नाही. त्यांना निर्धास्ती हवी होती. 1734 साली थोरल्या बाजीराव पेशव्याने मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न होते 2,99,010 रुपये. दक्षिणेत चांदवड, अंबडकडचा मुलूख आणि माळव्यात महेश्वर परगणा व इंदुराकडची काही गावे तिच्यात होती. वाचकांनी उत्पन्नाचा हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

ही निर्धास्ती कशापासून, हे कळायला मराठी राज्यातली पैशाची रीत पाहावी लागते. शिंदे-होळकरांना जो मुलूख मिळाला तो सरंजाम होता. सरंजामाचा पैसा म्हणजे फौजेचा पैसा. त्यातून घोडी, स्वार, तोफा आणि मोहिमेचा खर्च भागवायचा आणि हिशोब पुण्याच्या फडावर द्यायचा. चाकरी संपली किंवा धन्याची मर्जी फिरली, की सरंजाम काढून घेता येई. खासगी तशी नव्हती. ती घराण्याच्या बायकांची, वंशपरंपरेची, आणि तिचा हिशोब पेशव्याने मागायचा नव्हता. एकाच घराच्या दोन तिजोऱ्या झाल्या: एक दौलत, एक खासगी. धनगराच्या घरातून वर आलेला हा सरदार लिहिण्यावाचण्यात फार रमणारा नव्हता, पण पेशवाईत कोणता पैसा कधी हातून जातो हे त्याला चांगले कळत असावे.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव गोळा लागून मारला गेला. 1761 मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. 1766 च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर बसला आणि वर्षाच्या आत तोही गेला. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची मुलगी अहिल्याबाई तेव्हा बेचाळिशीच्या आसपास होती. सासरा, सासू, नवरा आणि मुलगा, सगळे गेलेले. घरात होती भरलेली तिजोरी.

तिजोरीवर डोळा असणारे लगेच पुढे आले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले, की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी देवधर्म करावा. कारभार अर्थातच दिवाणांनी पाहायचा. माधवराव पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौज घेऊन उज्जैनीकडे सरकले. हा प्रसंग नाटकांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून इतक्यांदा आला आहे, की तो पुन्हा रंगवत नाही. बाईंनी लढायची तयारी दाखवली, इतर सरदारांना पत्रे गेली, होळकरांच्या फौजेतले सरदार तुकोजी होळकर सैन्य घेऊन उभे राहिले आणि दादासाहेब समाचाराला आल्यासारखे येऊन परत गेले. पुण्यात माधवरावांनी निकाल बाईंच्या बाजूने दिला. फौज तुकोजींकडे गेली, मुलूख आणि खजिना अहिल्याबाईंकडे राहिला.

परंपरा सांगते, की त्यांनी खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडले. म्हणजे संकल्पच केला: हा पैसा आता धर्माचा. खजिन्यात किती होते याचे आकडे दोन कोटींपासून सोळा कोटींपर्यंत ऐकायला मिळतात. सोळा कोटींवर माझा विश्वास नाही. मराठेशाहीत मोठा आकडा सांगणाऱ्याला कोणी पुरावा विचारत नसे. तुळशीपत्राच्या गोष्टीकडे मात्र मी नुसती भाविकांची आख्यायिका म्हणून पाहत नाही. राघोबादादांसारखा कर्जात बुडालेला माणूस दाराशी उभा असताना तिजोरीवर देवाचे नाव घालणे हा राजकारणातला पक्का डाव होता. ब्राह्मण पेशव्याच्या घरचा माणूस संकल्प सोडलेल्या पैशाला हात कसा लावणार?

तो पैसा कुठे गेला, हे हिंदुस्थानभर दिसते. काशीच्या विश्वेश्वराचे मंदिर 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले होते. त्यानंतर शतकभर ते उभे राहिले नाही. उभे करावे असे मराठी सरदारांच्या मनात अनेकदा आले. खुद्द मल्हाररावांच्याही मनात होते. 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनी जुन्या जागेला लागून नवे मंदिर बांधले. काशीयात्रेला जाणारे लोक आजही दर्शन घेतात ते याच देवळाचे. महाराजा रणजितसिंगांचे सोने त्याच्या शिखरावर पुढे चढले. गयेचे विष्णुपद मंदिर 1787 चे. सोमनाथला 1783 मध्ये मूळ भग्न देवळापासून थोड्या अंतरावर त्यांनी वेगळे देऊळ बांधले. ते पाहताना एक गोष्ट नीट पाहावी. वरच्या गाभाऱ्यात एक लिंग आहे आणि पायऱ्या उतरून खाली तळघरात दुसरे. मुख्य पूजा खालच्याची. पुन्हा कोणी चालून आले तर वरचे जाईल, खालचे वाचेल, असा हिशोब बांधणाऱ्यांनी केला होता. भक्ती होतीच, पण शेजार कसा आहे याचे भानही होते.

यातली बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. काशी 1775 पासून कंपनी सरकारकडे होती. गया त्याआधीपासून कंपनीचीच. पुरी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात, तर रामेश्वर पार दक्षिणेच्या टोकाला. हरिद्वार, केदारनाथ, अयोध्या, पुष्कर, द्वारका, कुठेही होळकरांचे निशाण नव्हते. तिथे बाईंच्या वतीने कारकून जाई, स्थानिक सत्ताधाऱ्याची परवानगी मिळवी, दगड-चुन्याचा आणि गवंड्यांचा हिशोब धरी आणि हुंडीवर पैसा मागवी. तलवारीने मुलूख जिंकून देवळे बांधणे त्या काळात नवे नव्हते. दुसऱ्याच्या मुलखात, त्याचा काडीचा अवमान न करता, रोख पैसे मोजून देऊळ बांधणे ही चाल वेगळी. म्हणूनच ती बांधकामे टिकली. ज्या महेश्वरहून बाई कारभार पाहत तिथले राज्य लयाला गेले तरी काशीच्या मंदिराला त्याची झळ पोचली नाही.

त्याहून मोलाची व्यवस्था बांधकामाच्या मागे होती. देऊळ बांधणे एका वर्षाचे काम, दिवाबत्ती रोजची. अहिल्याबाईंच्या दानाचा गाभा नेमणुकीत आहे. अमुक देवळाला पूजेसाठी इतके, नंदादीपाच्या तेलाला इतके, नैवेद्याला इतके, सदावर्ताला इतके, आणि तो पैसा अमुक गावच्या किंवा बागेच्या उत्पन्नातून दरसाल पोचवायचा. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचे पाणी नेण्याची सोयही त्यांनी लावली होती. जॉन माल्कम हा कंपनीचा अधिकारी मध्य हिंदुस्थानात कारभार पाहत होता. त्याने 1823 साली छापलेल्या ग्रंथात अशा तपशिलांची मोठी नोंद आहे. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणी घेऊन माणसे उभी असत. थंडीच्या तोंडावर गरीब-अपंगांना कपडे वाटले जात. महेश्वरच्या शिवारात औत थांबवून बैलांना पाणी पाजायला नोकर नेमले होते. पिकांवरून पाखरे हाकलली जातात म्हणून काही शेतेच विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली होती, आणि नर्मदेतल्या माशांनाही खाऊ होता. पाखरांच्या शेतांची नोंद वाचताना आजचा हिशोबतपासनीस नक्की भुवया उंचावेल. माल्कमनेही हा प्रश्न टाळला नाही. बाईंनी याच्या दुप्पट पैसा फौजेवर ओतला असता, तरी मुलूख तीस वर्षे असा शांत ठेवता आला असता का, असा विचार त्याच्या ग्रंथात आला आहे. कंपनीच्या लष्करी माणसाने तो नोंदवावा हे मला विशेष वाटते.

अर्थात ही शांतता फुकट नव्हती. उत्तरेत मोहिमेवर असलेल्या तुकोजींना सतत पैशाची टंचाई असे, आणि मागणी आली की महेश्वरहून हिशोब विचारला जाई. दोघांत यावरून खटके उडत. बाईंचा नियम साधा होता: दौलतीचा खर्च दौलतीतून, धर्माचा खासगीतून. एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकायचे नाही. तुकोजींच्या बाजूने पाहिले तर हे जाचक होते, यात शंका नाही. महादजी शिंदे कवायती पलटणी उभ्या करत असताना होळकरांची फौज मागे पडली, त्यामागे ही ओढाताणही असावी.

महेश्वरला या खासगीची एक गोष्ट आजही जवळून पाहता येते. सकाळी वाड्यात ब्राह्मण बसतात. समोर नर्मदेची कालवलेली माती आणि लाकडी पाट. चिमूटभर माती घेऊन बोटांच्या दोन हालचालींत लहानसे लिंग वळायचे, पाटावर ओळीत ठेवायचे, प्रत्येकावर तांदळाचा एक दाणा. अशी लिंगे हजारोंच्या संख्येने होतात, ओळी बघता बघता पाटभर पसरतात. पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडली जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच माती, तोच पाट. हे लिंगार्चन अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले आहे. बाजूच्याच गल्ल्यांत मागांचा खटखटाट ऐकू येतो. बाहेरून विणकर आणून त्यांनी वसवले, त्यातून महेश्वरी लुगडे आणि साडी आली. घाटावर येणाऱ्या यात्रेकरूला देव आणि गावातल्या माणसाला रोजगार, दोन्ही एकाच खर्चातून.

13 ऑगस्ट 1795 रोजी अहिल्याबाई गेल्या. दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांत यादवी सुरू झाली. त्यांच्यापैकी यशवंतराव होळकरांनी महेश्वर ताब्यात घेतले. लढाया करायच्या तर पैसा हवा, आणि तिथे सोवळे पाळायला कोणाला सवड नव्हती. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजधानी इंदूरला आली. एवढ्या पडझडीत खासगी हे खाते मात्र पुसले गेले नाही. राजघराण्यातल्या स्त्रियांशी असलेला त्याचा संबंध इंदूर संस्थानातही टिकला. राजवाड्याजवळचे गोपाळ मंदिर होळकरांच्याच कृष्णाबाईंनी 1832 साली बांधले, ते याच वळणातले. पुढे संस्थानाचे अंदाजपत्रक छापील झाले, खाती नव्या पद्धतीची झाली आणि खासगीच्या धर्मादायाची रक्कम अंदाजपत्रकातली एक ओळ होऊन बसली.

मग 1948 आले. इंदूर, ग्वाल्हेर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत झाला. प्रत्येक राजाकडून त्याची खासगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती याची यादी मागितली गेली. होळकरांच्या बाबतीत हा प्रश्न भलताच अवघड होता. देशभर पसरलेली देवळे, घाट, धर्मशाळा, वाडे, छत्र्या, बागा, ही महाराजांची खासगी म्हणायची, सरकारची म्हणायची, की देवाची? 1949 च्या मे महिन्यात तोडगा निघाला. खासगीच्या मिळकती आणि उत्पन्न कायमचे मध्य भारत सरकारकडे गेले असे समजायचे. त्याच्या बदल्यात सरकारने दरसाल 2,91,952 रुपये धर्मादायासाठी बाजूला काढायचे आणि त्याचा कायमचा न्यास करायचा. ही रक्कम होळकर संस्थानाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी जी होती तीच.

आता तो पहिला आकडा पाहावा. 1734 मध्ये 2,99,010. 1949 मध्ये 2,91,952. दोनशे पंधरा वर्षांनी खासगी सात हजार रुपयांनी कमी. दोन आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग असेल, पण त्यातून घडले काय ते स्पष्ट दिसते. बाजीरावाने दिली होती ती जमीन. जमिनीचे उत्पन्न भाव चढले की चढते. 1949 साली मिळाला तो ठरीव रोकड आकडा, आणि तोही कायमचा. दुसऱ्या महायुद्धाने महागाई कुठे नेऊन ठेवली हे ठाऊक असताना, शंभरावर देवळांच्या दिवाबत्तीचा खर्च कायमचा रुपयांत बांधून टाकणे हा शहाणपणा नव्हता. करार करणारे मोठे लोक होते, पण त्यांच्यात अहिल्याबाईंच्या फडावरचा एखादा जुना कारकून असता तर त्याने मान डोलावली नसती.

इंदूरचे महाराजा यशवंतराव दुसरे डिसेंबर 1961 मध्ये वारले. त्यांची कन्या उषादेवी यांनी 27 जून 1962 रोजी न्यासपत्र केले आणि ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ अस्तित्वात आला. विश्वस्तांत घराण्याची माणसे होती, तशी सरकारने नेमलेलीही होती. न्यासाच्या यादीत 246 मिळकती होत्या. दहा वर्षांनी, 8 मार्च 1972 रोजी, एक पुरवणी पत्र झाले आणि विश्वस्तांना मिळकती विकण्याचा अधिकार मिळाला. माझ्या मते या न्यासाच्या इतिहासातली निर्णायक तारीख 1962 ची नव्हे, ही आहे. मूळ दान देणाऱ्या बाईच्या मनात देवाची वस्तू विकायची कल्पनाही आली नसती. पण हातात ठरीव रक्कम, शेकडो मैलांवर पडझड होत असलेले वाडे, आत शिरून बसलेले लोक आणि वर्षानुवर्षे चालणारे खटले, अशा स्थितीत विक्री हा मार्ग सोपा दिसू लागतो.

पुढे काही मिळकती विकल्या गेल्या. ज्यावरून वादळ उठले ती हरिद्वारच्या कुशावर्त घाटाची मिळकत. आपल्याकडे कुशावर्त म्हटले की त्र्यंबकेश्वरचे कुंड डोळ्यांसमोर येते. हा त्याच नावाचा गंगेवरचा घाट, पिंडदानाचा. तिथली मिळकत मुखत्यारपत्राच्या वाटेने विकली गेली होती. इंदुरात तक्रारी झाल्या, 2012 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी न्यासाच्या मिळकतींवर राज्य सरकारचे नाव लावण्याचा आदेश काढला. न्यास उच्च न्यायालयात गेला. 2013 मध्ये एकल न्यायमूर्तींनी निकाल न्यासाच्या बाजूने दिला. 5 ऑक्टोबर 2020 रोजी खंडपीठाने तो फिरवला, मिळकती सरकारच्या ठरवल्या आणि आर्थिक गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश दिला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

वकिलांनी दोन्ही बाजूंनी जे मांडले ते पाहिले की गंमत वाटते. सरकार म्हणत होते, 1949 च्या कराराने सगळे आमचे. न्यास म्हणत होता, मिळकती न्यासाच्या आणि सार्वजनिक न्यासांचा कायदा आम्हांला लागू नाही. 21 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही अर्धे अर्धे नाकारले. मिळकती सरकारच्या नाहीत, न्यासाच्या आहेत. पण न्यास खासगी नाही, सार्वजनिक आहे. मध्य प्रदेशचा 1951 चा सार्वजनिक न्यास कायदा त्याला पूर्ण लागू आहे. त्या कायद्यानुसार मिळकत विकायची तर निबंधकाची आधी परवानगी लागते. महाराष्ट्रात 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तशीच. झालेल्या विक्रीव्यवहारांची तपासणी निबंधकाने करावी, असे न्यायालयाने सांगितले. गुन्हे शाखेच्या चौकशीचा आदेश रद्द केला.

मला हा निकाल योग्य वाटतो. सरकारला मालक केले असते तर देवळांच्या देखभालीचे काम बांधकाम खात्याच्या निविदेत गेले असते. विश्वस्तांना मोकळे सोडले असते तर आणखी घाट कागदावरून गेले असते. मालकी न्यासाची आणि हिशोब लोकांसमोर, ही मांडणी गौतमाबाईंच्या सनदेपेक्षा एक पाऊल पुढची आहे. तेव्हाच्या खासगीचा हिशोब कोणी मागायचा नव्हता. आता तो मागता येतो. अडचण एकच उरते. ठरीव रकमेत एवढी देवळे कशी चालवायची, याचे उत्तर न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. ते मध्य प्रदेश सरकारने द्यायचे आहे, आणि ज्या ज्या राज्यांत हे घाट आहेत त्यांनीही.

पंढरपूरला जाल तेव्हा होळकर वाड्यातल्या रामाचे दर्शन जरूर घ्यावे; चांदवडला थांबलात तर रंगमहाल पाहावा. आपल्या गावात असा जुना न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याचे हिशोबपत्रक आणि मिळकतींची यादी पाहायला मिळते. अर्ज करावा लागतो, थोडी फी भरावी लागते. यादीत कोणती जमीन होती आणि आज कोणती आहे, एवढे जुळवून पाहिले तरी पुष्कळ आहे. होळकरांच्या ‘खासगी’ ट्रस्टची नोंदणी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत एक महिन्याची होती. न्यासपत्र होऊन तोपर्यंत साठ वर्षे झाली होती.